नळातले पाणी मोजणारे सर विश्वेश्वरय्या

मुलांनो, मागच्या उन्हाळ्यात आपल्या वर्गातल्या एका छोट्या मैत्रिणीने मला एक प्रश्न विचारून चांगलेच अडचणीत टाकले. त्यांच्या घरामागच्या बागेत पाण्याची रबरी नळी दिवसभर उन्हात पडलेली असते. संध्याकाळी तोटी सोडली की आधी कढत पाणी येते आणि थोड्या वेळाने गार. तिला एवढेच हवे होते की कढत पाणी किती येते, म्हणजे तेवढे बादलीत धरून निवू द्यायचे आणि मगच आईच्या कोथिंबिरीला घालायचे. त्याआधी दोनदा कोथिंबीर करपली होती आणि घरात बोलणी बसली होती.

प्रश्न साधा आहे. नळीत पाणी किती मावते, एवढेच विचारले आहे. पण मला ते चटकन सांगता येईना. शाळेत शिकलेले सूत्र आठवत होते, त्यात आकडे कसे घालायचे ते आठवत नव्हते. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब करता करता एका माणसाची आठवण झाली. त्यांनी उभे आयुष्य पाणी मोजण्यात, अडवण्यात आणि नळातून नेण्यात घालवले, आणि त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात झाली. म्हणून या अंकात त्यांची गोष्ट सांगतो. हिशेबही मध्येच सांगेन. ज्यांना हिशेबाचा कंटाळा असेल त्यांनी तेवढा भाग आई-बाबांकडे द्यावा.

त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. नाव लांबलचक आहे खरे. मोक्षगुंडम हे आंध्रातले त्यांच्या पूर्वजांचे गाव. घरात तेलुगू बोलत, पण कुटुंब पिढ्यानपिढ्या म्हैसूर संस्थानात राहिलेले. बंगळूरजवळ चिक्कबळ्ळापूरच्या बाजूला मुद्देनहळ्ळी नावाचे खेडे आहे, तिथे त्यांचा जन्म झाला. तारीख १५ सप्टेंबर. साल कुठे १८६० दिलेले असते, कुठे १८६१. त्यांची जन्मशताब्दी १९६० साली साजरी झाली आणि त्या दिवशी भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार होते. घरात विद्या भरपूर, पैसा मात्र बेताचा. मुलगा लहान असतानाच वडील वारले.

पुढची हकीकत त्या काळच्या पुष्कळ हुशार आणि गरीब मुलांसारखीच आहे. विश्वेश्वरय्या बंगळूरला शिकायला आले, दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला आणि सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झाले. गणित उत्तम होते. म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली आणि इंजिनियर होण्यासाठी ते पुण्याला आले. तेव्हा त्या कॉलेजाला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. पुढे तेच पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज झाले. तुमच्यापैकी दोघांचे आजोबा तिथेच शिकले आहेत, त्यांना विचारा. १८८३ साली विश्वेश्वरय्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकला झाली.

तेव्हा मुंबई इलाखा केवढा मोठा होता ते आज नकाशावर पाहून खरे वाटत नाही. वर सिंध, मध्ये गुजरात, खाली महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे काही जिल्हे, शिवाय समुद्रापलीकडचे एडन! या सगळ्या ठिकाणी विश्वेश्वरय्यांनी पुढे काम केले. पण त्यांची पहिली कसोटी लागली ती खानदेशात.

धुळे जिल्ह्यात पांझरा नावाची नदी आहे. तिच्या काठी साक्री तालुक्यात दातर्ती हे गाव आहे. खानदेशातल्या या नद्यांवर शेतकऱ्यांनी फार पूर्वीपासून लहान लहान बंधारे घातले होते. बंधाऱ्यापासून पाट काढायचा आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे. त्या तुकड्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी पिके बदलायची. पाणी सोडायला पाटकरी नेमलेला, पिकाची राखण करायला जागल्या. कोणाचे शेत आधी भिजणार आणि कोणाचे नंतर, हे सगळे ठरलेले. या फड पद्धतीवर पुढे मोठमोठ्या लोकांनी पुस्तके लिहिली, पण ती चालवली अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांनी.

दातर्तीजवळ पाटाचे पाणी नदीच्या प्रवाहापलीकडे न्यायचे होते. आता पाटाचे पाणी नदी कशी ओलांडणार? एक उपाय म्हणजे पूल बांधायचा आणि पुलावरून पाट न्यायचा. पण तो खर्चाचा, आणि पांझरेला पूर आला की धोक्याचा. दुसरा उपाय म्हणजे नदीच्या तळाखालून नळ टाकायचा. एका काठावर पाणी नळात शिरते, खाली उतरते, नदीच्या पोटाखालून जाते आणि दुसऱ्या काठावर वर चढून पुन्हा पाटात पडते. याला उलटा सायफन म्हणतात. नेहमीचा सायफन आधी वर जातो आणि मग खाली येतो. हा आधी खाली जातो आणि मग वर येतो, म्हणून उलटा.

पाणी आपोआप वर कसे चढते, असे तुम्ही विचाराल. घरी करून पाहा. पारदर्शक नळीचा तुकडा घ्या, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवा आणि पाणी भरा. दोन्ही बाजूंना पाणी एकाच पातळीवर थांबते. आता एक टोक थोडे खाली करा. त्या टोकातून पाणी बाहेर पडू लागेल. उलट्या सायफनमध्ये एवढेच घडते. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडेसे खाली असले पाहिजे. ते चुकून हातभर वर राहिले तर नळ कितीही चांगला असो, पलीकडे थेंबभर पाणी जाणार नाही. म्हणजे नदीच्या दोन काठांवर उभे राहून पातळी बरोबर मोजणे यात सगळे आले.

हे काम या चोवीस-पंचविशीतल्या तरुणाकडे आले, आणि आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. नदीत पाणी वाढले, पुराबरोबर वाळू येऊन कामात बसू लागली. आज खणलेले उद्या बुजायचे. विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले की पाऊस संपेपर्यंत काम थांबवावे हे बरे. मला विचाराल तर त्यांचे म्हणणे अगदी शहाणपणाचे होते. पण वरच्या साहेबाला ते पसंत पडले नाही. नवा इंजिनियर काम टाळतो आहे, हुकूम मानायला तयार नाही, असा अर्थ त्याने काढला आणि तसे लेखी कळवले.

हे आजच्या मुलांना एवढे गंभीर वाटणार नाही. पण त्या काळी सरकारी नोकरीत साहेबाचा असा एक शेरा कागदावर पडला की बढती कायमची अडायची. त्यातून साहेब इंग्रज आणि नवा माणूस हिंदी. घरी आई होती आणि शिक्षण शिष्यवृत्तीवर झालेले होते. नोकरीवर पाणी सोडणे परवडणारे नव्हते. विश्वेश्वरय्या वाद घालत बसले नाहीत. भर पावसात त्यांनी काम पुन्हा हाती घेतले आणि दोनेक महिन्यांत नळ पलीकडे नेऊन दाखवला. साहेबाचे चुकले होते की बरोबर होते हे त्यामुळे ठरत नाही. मला अजूनही वाटते की साहेबाचे चुकलेच होते. अशा कामात मजुरांचे हाल किती झाले असतील याचाही विचार मनात येतो.

आता मध्येच हिशेब करू या, कारण नळ हा विषय इथेच समजायला सोपा आहे.

नळाच्या आकाराला गणितात वृत्तचिती म्हणतात. डब्यात पोळ्यांची चवड रचलेली असते ना, तीच वृत्तचिती. एका पोळीचे क्षेत्रफळ काढा आणि चवडीच्या उंचीने गुणा, की झाले घनफळ. नळ म्हणजे आडवी ठेवलेली, खूप लांब चवड. पोळी गोल आहे, म्हणून तिचे क्षेत्रफळ म्हणजे त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४. हा शेवटचा आकडा म्हणजे पाय. आपल्या भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत तो दोन तऱ्हांनी दिला आहे. भागवायचे असेल तर २२ भागिले ७, आणि नीट हवा असेल तर ३९२७ भागिले १२५०. दुसरा भागाकार करून पाहा, ३.१४१६ येतात. या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांच्या नातवाने मठ काढला, आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे इथे आहे. म्हणजे तोही खानदेशातच!

हिशेबात घोटाळा होतो तो मापांमुळे. लांबी मीटरमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये आणि उत्तर लिटरमध्ये हवे असते. त्यावर एक युक्ती आहे. सगळी मापे डेसिमीटरमध्ये करून घ्या. डेसिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर. एक डेसिमीटर लांब, रुंद आणि उंच अशा खोक्यात बरोबर एक लिटर पाणी मावते, म्हणून उत्तर आपोआप लिटरमध्ये येते.

आपल्या मैत्रिणीची नळी १५ मीटर लांब आहे, म्हणजे १५० डेसिमीटर. आतला व्यास १२ मिलिमीटर, त्रिज्या ६ मिलिमीटर, म्हणजे ०.०६ डेसिमीटर. ०.०६ ला ०.०६ ने गुणले की ०.००३६. त्याला ३.१४ ने गुणले की ०.०११३. त्याला १५० ने गुणले की जवळजवळ १.७ लिटर. एवढेच! दुधाच्या दोन लिटरच्या बाटलीत मावेल इतके कढत पाणी. तोटीतून मिनिटाला दहा लिटर पाणी येत असेल तर दहा आकडे मोजेपर्यंत ते संपते. कोथिंबीर तेवढ्यानेच करपत होती, कारण आपली मैत्रीण नेहमी कोथिंबिरीपासून सुरुवात करायची.

शेजाऱ्यांची नळी तेवढीच लांब पण १८ मिलिमीटरची असेल तर? व्यास दीडपट आहे म्हणून पाणी दीडपट मावेल असे वाटते. पण तसे नाही. त्रिज्या दोनदा गुणली जाते, म्हणून दीड गुणिले दीड, सव्वादोनपट. उत्तर ३.८ लिटर. व्यास दुप्पट केला तर पाणी चौपट. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले. मोठी माणसेही इथे फसतात. मी स्वतः पावसाच्या पाण्याचा नळ घेताना फसलो आहे.

विश्वेश्वरय्यांच्या काळी लिटर नव्हते. फूट, इंच, पौंड आणि गॅलन होते, इथे न्यूझीलंडमध्येही तेच. तेव्हाच्या इंजिनियरांचा एक छान ठोकताळा होता. नळाचा व्यास इंचांत घ्या आणि त्याला त्यानेच गुणा. जो आकडा येईल तेवढे पौंड पाणी त्या नळाच्या एका वारात मावते. त्याला दहाने भागले की गॅलन. पाय नको, काही नको! १२ इंची नळ असेल तर १२ गुणिले १२, म्हणजे वारात १४४ पौंड, म्हणजे १४.४ गॅलन. काटेकोर हिशेब केला तर उत्तर याहून दोन टक्के जास्त येते, पण नदीकाठी उभे राहून तोंडी करायला हे पुरे. आजीच्या नऊवारी साडीएवढा लांब १२ इंची नळ घेतला तर त्यात १३० गॅलन पाणी मावेल. तो गॅलन साधारण साडेचार लिटरचा, म्हणजे ५९० लिटरच्या आसपास.

आता एक बारकावा सांगतो. नळात मावणारे पाणी वेगळे आणि नळातून वाहणारे पाणी वेगळे. समजा एक नळ १०० मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे. त्यात सुमारे ७,०७० लिटर पाणी मावते. पाणी सेकंदाला एक मीटर सरकत असेल तर सेकंदाला सुमारे ७० लिटर पाणी पलीकडे पडते आणि नळातले सगळे पाणी १०० सेकंदांत बदलते. पण नळात तळाशी अर्ध्यापर्यंत वाळू बसली तर? मावणारे पाणी निम्मे होते. वाहणारे पाणी मात्र निम्म्याहूनही कमी होते, कारण उरलेल्या पाण्याला अरुंद वाटेतून आणि खरखरीत वाळूवरून घासत जावे लागते. उलट्या सायफनचा सर्वांत खोल भाग नदीखाली असतो, आणि वाळू नेमकी तिथेच बसते. पांझरेच्या वाळूशी झगडणे का भाग होते ते यावरून कळेल.

दातर्तीनंतर विश्वेश्वरय्यांची नोकरी स्थिर झाली. १८९४ च्या सुमारास त्यांना सिंधमध्ये सक्करला पाठवले. सक्कर सिंधू नदीवर आहे. समोर एवढी मोठी नदी वाहते, पण पाणी इतके गढूळ की प्यायची सोय नाही. पाणी गाळायला मोठी टाकी बांधायची तर नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ विहीर खणली. नदीचे पाणी पात्रातल्या वाळूतून झिरपत झिरपत विहिरीत येई आणि येता येता स्वच्छ होई. मग ते पंपाने उंचावर चढवून नळाने गावात सोडले. म्हणजे खानदेशात ज्या वाळूने त्यांना छळले, तिलाच सिंधमध्ये त्यांनी कामाला लावले! हे सगळे १८९५ पर्यंत झाले.

गढूळ पाण्याची गोष्ट आपल्याला ऑकलंडमध्ये परकी नाही. २०१७ च्या मार्चमध्ये मोठे वादळ झाले होते ते तुमच्या आई-बाबांना आठवत असेल. हुनुआच्या डोंगरातल्या धरणांत इतकी माती वाहून आली की ती काढून पाणी शुद्ध करायला वेळ लागू लागला. धरणे भरलेली, आणि तरीही प्रत्येकाने रोज वीस लिटर पाणी कमी वापरावे अशी विनंती शहराला करावी लागली. १९९४ साली उलटे झाले होते. तेव्हा पाऊसच पडला नाही आणि धरणे तळाला गेली. त्यानंतर वायकाटो नदीचे पाणी मोठ्या नळाने ऑकलंडला आणायचे ठरले आणि २००२ पासून ते येऊ लागले. मोठा नळ म्हणजे केवढा, याचा अंदाज हवा असेल तर एक मीटर व्यासाचा नळ डोळ्यांपुढे आणा. तुमच्यातले धाकटे त्यातून वाकून चालत जातील. असा नळ एक किलोमीटर लांब असेल तर त्यात ७ लाख ८५ हजार लिटर पाणी नुसते उभे असते.

सक्करनंतर सुरत आणि मग पुणे. पुण्यात विश्वेश्वरय्या बरीच वर्षे राहिले. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले अशा माणसांशी त्यांचा स्नेह जमला. त्या काळी पुण्यात राहून देशाचा विचार न करणे अवघडच असावे. नीरा कालव्यावर ज्याला जमेल त्याने पाणी ओढायचे आणि खालच्या शेतकऱ्याने कोरडे राहायचे, असे चालले होते. त्यांनी तिथे गटवार पाणी द्यायची पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, गटात पिकांची पाळी ठरवायची आणि त्या त्या गटालाच पाणी सोडायचे. तिला ब्लॉक पद्धत म्हणत. सुरुवातीला शेतकऱ्यांनी विरोध केला, मग ती रुजली. मला राहून राहून वाटते की पांझरेकाठचे फड त्यांनी तरुणपणी पाहिले होते, त्याचा इथे नक्की उपयोग झाला असणार. हा माझा तर्क आहे, पण दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या की तो सुचतोच.

पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या धरणाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात धरण भरले की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. सांडवा म्हणजे धरण तुडुंब झाल्यावर पाणी सांडून जाण्यासाठी ठेवलेली बुटकी भिंत. हे पाणी वाया जायचे आणि उन्हाळ्यात पुणेकर पाणी पाणी करायचे. धरणाची भिंत उंच केली असती तर जादा पाणी मावले असते, पण जुन्या भिंतीवर ओझे टाकणे धोक्याचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दरवाजे बसवले, आणि दरवाजे असे की त्यांना माणसाने हात लावायला नको. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत ते बंद राहत आणि पाणी धरून ठेवत. पातळी त्याहून वर गेली की आपोआप उघडत आणि पूर ओसरला की पुन्हा मिटत. रात्री दोन वाजता पूर आला आणि पहारेकरी झोपला, तरी धरणाला धोका नाही. हे १९०३ साली झाले. या दरवाजांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचे वेगळे पैसे घेणे त्यांना पटले नाही आणि त्यांनी मानधन नाकारले. ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावरही असेच दरवाजे बसले.

१९०६ साली ते एडनला जाऊन तिथल्या पाण्याची पाहणी करून आले. तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे आधी पाणी शोधायचे आणि मग नळाचा हिशेब. १९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुसी नदीला भयंकर पूर येऊन हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले आणि निजामाने त्यांना बोलावून घेतले. वरच्या बाजूला धरणे बांधून पूर अडवावा, असा सल्ला त्यांनी दिला. उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे त्यातूनच पुढे झाली.

मग ते म्हैसूरला परत गेले, मुख्य इंजिनियर झाले आणि १९१२ पासून १९१८ पर्यंत संस्थानचे दिवाण होते. कावेरीवरचे कृष्णराजसागर धरण हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम. १९११ साली ते सुरू झाले. त्यात सिमेंटऐवजी चुना आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, वापरली आहे. खडकवासल्याला जमलेले आपोआप चालणारे दरवाजे तिथेही आहेत. त्या धरणाविषयी आणि त्यांच्या दिवाणगिरीविषयी पुस्तकांत पुष्कळ मिळते, म्हणून मी इथे थांबत नाही. त्यांच्याविषयी रेल्वेच्या रुळाची आणि दोन मेणबत्त्यांची गोष्टही तुम्ही ऐकली असेल. त्या खऱ्या आहेत याचा पुरावा मला सापडला नाही, म्हणून सांगत नाही.

इंग्रज सरकारने त्यांना १९१५ साली सर ही पदवी दिली, आणि स्वतंत्र भारताने १९५५ साली भारतरत्न दिले. नागपूरचे मोठे इंजिनियरिंग कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, भारतात इंजिनियर दिन म्हणून पाळतात.

शंभरी ओलांडल्यावर त्यांच्या हयातीतच एक मोठी दुःखद घटना घडली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे नवे धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचे जुने धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. ज्या धरणाच्या सांडव्यावर त्यांनी तरुणपणी दरवाजे बसवले होते, तेच हे धरण. आपल्या वर्गातल्या एका आजीच्या माहेरचे घर त्या पुरात गेले. त्या अजूनही मुठेचे नाव निघाले की गप्प होतात. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, विश्वेश्वरय्या बंगळूरला वारले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीलाच आहे.

आता पुढच्या शनिवारचा गृहपाठ. घरच्या बागेतल्या नळीची लांबी आणि आतला व्यास मोजा. व्यास मोजताना नळीची जाडी धरू नका, फक्त भोक मोजा. कितीजण इथेच चुकतात ते पाहायचे आहे! मग नळीत किती लिटर पाणी मावते ते काढा आणि एकदा तोटी बंद करून, नळी उंच धरून सगळे पाणी बादलीत ओता. ते मापाने मोजा. हिशेब आणि बादली जुळतात का ते वहीत लिहून आणा. जुळले नाही तर का जुळले नाही तेही लिहा, त्याला जास्त गुण आहेत.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक. ज्यांच्याकडे छपराचे पाणी साठवायची गोल टाकी आहे त्यांनी तिचा व्यास आणि उंची मोजावी. ३.६ मीटर व्यासाची आणि अडीच मीटर उंचीची टाकी असेल तर साधारण २५,४०० लिटर आले पाहिजेत. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. तुमचे छप्पर किती मोठे आहे ते बाबांना विचारा, आणि रिकामी टाकी भरायला किती मिलिमीटर पाऊस लागेल ते काढून आणा. बाबांनी स्वतः छपरावर चढू नये, नकाशा पाहावा.